टेकाळे डॉक्टरांचं काही नक्की नसतं

माझ्या नाकावर राग असतो, हे नांदेडातल्या कुठल्याही जुन्या नर्सला विचारा. विशेषतः जो माणूस विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाही, त्याच्यावर. एकतीस वर्षं बाळंतपणं केली, त्यातली पंचवीस सोनोग्राफीच्या पडद्यासमोर गेली. पडद्यावर एखादी गोष्ट एक तर असते किंवा नसते, अशी माझी साधी समजूत होती. अशा बाईच्या पदरात नशिबाने देविदास टेकाळे टाकला.

देविदास हिमायतनगरकडचा. वडील शेषेराव शेती करायचे आणि गावात कुणाचं भांडण झालं की दोन्ही बाजू त्यांच्याकडे यायच्या. शेषेराव दोघांचंही ऐकून घ्यायचे, दोघंही समाधानाने घरी जायचे, आणि निकाल काय लागला ते कुणालाच सांगता यायचं नाही. हे मला देविदासनेच सांगितलं आणि सांगताना त्याला त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी तो माझ्या हाताखाली इंटर्न होता. तेव्हाही किती वाजले विचारलं तर घड्याळाकडे बघून म्हणायचा, "साडेदहा झाले असतील, काय की." घड्याळ मनगटावर, आणि वर काय की.

पुढे सरकारी नोकरीत किनवट, अर्धापूर करत तो नायगावच्या पलीकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात येऊन पडला. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे जी चूक येणार आहे ती माझी आहे, आणि तिच्यापायी त्या दवाखान्याचं नाव उगाच खराब व्हायला नको. वय आता सेहेचाळीस, पोट सुटलेलं, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. बायको गीतांजली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. एकुलती मुलगी सुकन्या लातूरला राहून नीटचा अभ्यास करते, म्हणून दर रविवारी हा माणूस ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून लातूरला जातो. लेकीने डॉक्टर व्हावं असं तुला वाटतं का, असं मी एकदा विचारलं. "तिला वाटतं," तो म्हणाला. "मला काय की."

पेशंटसुद्धा त्याला मागे 'काय की डॉक्टर' म्हणतात. तरी त्याच्या दाराशी बायकांची रांग असते, आणि शेजारच्या खोलीतला चटपटीत डॉक्टर मोबाइल बघत बसलेला असतो. हे कोडं मला कधी सुटलं नव्हतं. मी ते सोडवायला गेलेही नव्हते.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी एक योजना आली. बाईला दिवस गेले की पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी तालुक्यातच, तपासायच्या खाटेशेजारीच आणि तिला तपासणाऱ्या डॉक्टरनेच करायची. गर्भ गर्भाशयात आहे की बाहेर नळीत, एक आहे की दोन, ठोके लागलेत का, एवढं त्याला बघता आलं पाहिजे. नळीतला गर्भ फुटला तर नांदेडला पोचेपर्यंत बाई हातची जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे योजना मला मनापासून पटली. डॉक्टरांचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण झालं, मशीनची नोंदणी झाली, भिंतीवर 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' ही पाटी लागली. त्यांचा हात बसेपर्यंत पंधरा दिवसांतून एका शनिवारी शेजारी बसायला मी.

बाकीचे डॉक्टर दोन-तीन महिन्यांत तयार झाले. देविदासचं तसं नव्हतं. सरावासाठी मी बादलीभर पाण्यात पपई बुडवून ठेवायची आणि मशीनने तिच्या आतली पोकळी शोधायला लावायची. पपईचा आकार गर्भाशयाच्या जवळ जातो, म्हणून पपई. तिथल्या महानंदा सिस्टरला हे मुळीच पसंत नव्हतं. गरोदर बायकांच्या खोलीत पपई दिसली तर उद्यापासून कुणी पायरी चढणार नाही, असं तिचं म्हणणं. ती पपई टॉवेलखाली झाकून आणायची, टॉवेलखाली झाकून न्यायची आणि धडा संपला की कापून देविदासलाच खायला घालायची. पहिल्या दिवशी देविदासला पपईत वीस मिनिटं काहीच दिसलं नाही. मग म्हणाला, "मॅडम, डावं उजवीकडं दिसून राहिलंय का, का मी हा दांडा उलटा धरलाय?" उलटाच धरला होता.

पपईवरून बायकांवर आला तरी तीच गत. बाकीच्यांना पाच मिनिटं लागायची तिथे त्याला पंचवीस. मध्येच मला फोन. "मॅडम, पिशवी हाय. पण ती गर्भाशयाच्या आतच हाय का?" अरे, तुझ्यासमोर पडदा आहे की माझ्यासमोर? एकदा तर त्याने एका बाईला नळीत गर्भ असल्याच्या शंकेवरून अँब्युलन्समध्ये घालून नांदेडला पाठवलं, आणि तिथे तिचं सगळं जिथल्या तिथे निघालं. त्या दिवशी मी त्याला फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "बरं झालं न मॅडम, काही निघालं न्हाई ते." मी फोन ठेवला.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. शनिवार होता. सिंधु नावाची सत्तावीस वर्षांची बाई आली. बरोबर सासू सरजाबाई. नवरा सुदर्शन बाहेर मोटरसायकलपाशी उभा. चांगलं शेतीवाडीचं घर. याआधी सिंधुचे दोन गर्भ तिसऱ्या महिन्यात गेलेले, हे तिसऱ्यांदा, आणि दोन दिवसांपासून थोडा डाग लागत होता. सरजाबाईंच्या हातात रुमालात बांधलेले जुने कागद होते आणि ते त्यांनी छातीशी धरले होते.

देविदासने फॉर्म पुढे ओढला. शेवटची पाळी कधी आली, असं विचारलं. सिंधुने सासूकडे बघितलं आणि सासूनेच उत्तर दिलं.

"राखीपुनवेला. माझ्या पक्कं ध्यानात हाय. हिचा भाऊ आला व्हता आन् हिला ओवाळता आलं न्हाई, बाजूला बसली व्हती. त्याच्यानंतर आलीच न्हाई. यंदा लक्ष्म्यांचं समदं हिनंच केलं."

भादव्यातल्या महालक्ष्म्या म्हणजे आमच्याकडे घरोघर तीन दिवसांचा सण, आणि त्यात शिवाशिवीचं सगळ्यात कडक. मी मनात आठवडे मोजले. राखीपौर्णिमेपासून बरोबर नऊ झाले होते. देविदासने मशीन लावलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कपाळाला घाम.

"मॅडम, पिशवी हाय. गोल हाय. आत एक बारीक कडं दिसून राहिलंय. बाळ दिसून न्हाई राहिलं."

मी त्याच्या हातातून मशीनचा दांडा घेतला. गर्भाभोवतीची पिशवी बारा मिलिमीटर, आत बारीक गोल कडं, बाकी काही नाही, ठोके नाहीत. नऊ आठवड्यांचं बाळ बोराएवढं झालेलं असतं, हलताना दिसतं. इथे ते नव्हतं. मला तीन मिनिटं लागली. गर्भाची वाढ थांबलेली आहे, गर्भाशय रिकामं करावं लागेल, असं मी तिथेच सांगितलं.

आता खरं सांगते. पिशवी एवढी लहान असेल तर घाई करू नका, आठवडा-दोन आठवडे थांबून पुन्हा बघा, असं पुस्तकात लिहिलेलं आहे आणि वर्गात मीच ते ओरडून सांगते. पण सासूने शपथेवर सांगावी तशी तारीख सांगितलेली, डाग लागतोय, आधी दोनदा गेलेलं. थांबायचं कारण मला दिसलं नाही. पंचवीस वर्षांनी माणूस पुस्तक दुसऱ्यांसाठी ठेवतो.

सरजाबाई मटकन स्टुलावर बसल्या. सिंधु रडली नाही. तिने पदराने पोट झाकून घेतलं आणि छताकडे बघत राहिली. असं का झालं, हा प्रश्न प्रत्येक बाई विचारते. तिने विचारला नाही. तिला धक्का बसला असेल, असं मी धरून चालले.

मी कागदावर गोळ्या लिहिल्या आणि देविदासच्या पुढे सरकवला. तो कागदाकडे बघत राहिला.

"कपाटाची चावी सिस्टरकडं हाय," तो म्हणाला.

"मग सिस्टर समोरच उभी आहे."

महानंदाने पदरामागे हात नेला आणि चावी जेवायच्या डब्यात राहिल्याचं सांगितलं. तो डबा खिडकीत, माझ्या डोळ्यांसमोर होता. ही दोघं मिळून मला वेड्यात काढतायत की काय, असं मला वाटलं.

देविदास पुन्हा पडद्याकडे वळला. "मॅडम, मेलेली पिशवी अशी दिसती का हो? कडा चांगली हाय. चुरगळलेली न्हाई. मला गोंधळल्यासारखं होऊन राहिलं."

"तुला पपईतही गोंधळल्यासारखं झालं होतं," मी म्हणाले. सगळ्यांच्या देखत म्हणाले. आजही आठवलं की माझं मलाच वाईट वाटतं.

त्याने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सरजाबाईंना म्हणाला, "काकू, तुमचा चेहरा बरा दिसून न्हाई राहिला. आधी तुमचं बीपी आन् शुगर बघून घ्या. तिकडच्या खोलीत. वेळ लागल जरासा." सरजाबाईंना खरंच भोवळल्यासारखं झालं होतं, त्या उठून गेल्या. दार लागल्यावर हा माणूस सिंधुकडे वळला आणि त्याने जे विचारलं ते ऐकून मी डोक्याला हात लावला.

"ताई, लक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी जेवायला किती माणसं व्हती?"

सिंधु गोंधळली. "पंचवीस-तीस व्हते."

"पुरण कोणी घातलं?"

"म्याच."

"सोळा भाज्या?"

"म्याच. जाऊबाई बाळंतपणाला गेल्यात. आत्याबाईचे गुडघे धरलेत." आत्याबाई म्हणजे सासू.

तिच्या पोटातल्या गर्भाचा फैसला चालला होता आणि हा भाज्या मोजत होता. मी तोंड उघडणार तोच देविदास उठला. "सिस्टर, तुम्ही बसा यांच्यापाशी," म्हणाला, आणि मला म्हणाला, "मॅडम, आपण जरा बाहेर उभं राहू. माझ्यासमोर त्या बोलणार न्हाईत. तुमच्यासमोरबी."

आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. मी त्याला तीनदा विचारलं, काय चाललंय. तो तीनदा म्हणाला, "काय की मॅडम. जरा सबर करा." पंधरा मिनिटांनी महानंदा बाहेर आली, आणि तिने हळू आवाजात सांगितलं ते असं.

सिंधुची पाळी लक्ष्म्यांचं विसर्जन झाल्यावर चार दिवसांनी यायची होती. ज्यांची तारीख सणात येते त्या बायका मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी आणतात; तिला गरज वाटली नाही. आणि पूजनाच्या दिवशी पहाटेच अडचण आली. आदल्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने लक्ष्म्या उभ्या केलेल्या, डाळ चुलीवर चढलेली, पंचवीस माणसं जेवायला येणार, घरात दुसरं बाईमाणूस नाही. सांगितलं असतं तर सगळा सण मोडला असता. तिने कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. कपडा बांधला आणि पुरण वाटायला बसली. नैवेद्यही तिनेच दाखवला. आणि त्यानंतर मात्र पाळी आली नाही.

"डॉक्टरीणबाई म्हणल्या वाढ थांबली, तवाच तिला समजलं म्हणती," महानंदा म्हणाली. "देवीनं शिक्षा केली म्हणती. गोळ्या द्या म्हणून राहिली. ज्याचं त्यानं नेलं म्हणती."

मी तिथेच बोटांवर मोजलं. राखीपौर्णिमा ते लक्ष्म्यांचं पूजन, तेवीस दिवस. म्हणजे नऊ आठवडे नाहीत, पावणेसहा. पावणेसहा आठवड्यांना पिशवी बारा मिलिमीटरचीच असते, आत बारीक कडंच दिसतं, आणि ठोके दिसायला अजून काही दिवस लागतात. पडद्यावरचं सगळं बरोबर होतं. मी लिहिलेला गोळ्यांचा कागद आत टेबलावर तसाच होता. मला महानंदाकडे पाणी मागावं लागलं.

मी आत जाऊन सिंधुला सांगितलं की गर्भ गेलेला नाही, तो लहान आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. कुणी कसली शिक्षा केलेली नाही. तिने मान हलवली. विश्वास बसला असं दिसलं नाही. जिने घटकेपूर्वी गेलं म्हणून सांगितलं तीच आता आहे म्हणत होती, तर तिने तरी कसा ठेवावा. तिने फक्त एक विचारलं, "आत्याबाईला सांगणार का?"

तो प्रश्न मला सुचलाच नव्हता. सरजाबाई बीपी बघून येत होत्या, आणि त्यांना काय सांगायचं? आधीचे दोन गर्भ गेले तेव्हाच या बाईच्या हातून काहीतरी शिवाशिव झाली असणार, असं घरात बोललं गेलेलं, तेही महानंदाने सांगितलं होतं. आता हे कळलं तर तिन्हींचा दोष तिच्यावर, आणि पुढे जे काही बरंवाईट होईल त्याचाही. मी शब्द जुळवत असतानाच देविदास पुढे झाला.

"काकू, माझीच चूक झाली," तो म्हणाला. "मशीन नवीन हाय, माझा हात बसून न्हाई राहिला. मला नीट दिसलंच न्हाई. आज गोळ्या देत न्हाई. दिवाळी करा, भाऊबीज झाली की या."

"मंग मघाशी या मॅडम काय बोलल्या?"

"मॅडमनी मी काढलेलं चित्र बघून सांगितलं. चित्रच मी बरोबर काढलं न्हाई."

हे खोटं होतं. चित्र मी स्वतः काढलं होतं, तीन मिनिटांत. सरजाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "येत न्हाई तं कशाला हात लावता डॉक्टर? माझा जीव गेला असता की इथं."

"खरंय," देविदास म्हणाला.

चूक माझी, बोलणी त्याला, आणि मी पर्समधली बाटली काढून पाणी प्यायल्यासारखं करत उभी. परतीच्या वाटेवर मी पहिल्यांदा त्याचा विचार केला. हा माणूस खरंच गोंधळलेला असतो, की बायकांना आडोसा म्हणून स्वतःचा गोंधळ उभा करतो? तो पपईतही गोंधळला होता, आणि तिथे तर कुणाची सासू नव्हती. नांदेड आलं तरी माझं काही ठरलं नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, माझा शनिवार नव्हता, तरी मी गेले. ते तेरा दिवस मला नीट झोप नव्हती, हे कबूल करते. पावणेसहा आठवड्यांचे गर्भही जातात, डाग लागलेले जास्त जातात, आणि हा गेला तर सिंधु तो देवीच्या नावावर लिहिणार होती. माझ्या नावावर लिहायला हवा होता, असंही मला वाटत होतं, कारण मी गोळ्यांपर्यंत गेले होते.

सिंधु खाटेवर आडवी झाली. डाग थांबला होता. देविदासने मशीन लावलं, या वेळी सुलटं. मी मुद्दाम मागे उभी राहिले.

"मॅडम, तुम्हाला दिसतं का?"

"तुला काय दिसतं ते सांग."

त्याने दांडा दोनदा इकडून तिकडे फिरवला. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "इथं लुकलुकून राहिलंय."

लुकलुकत होतं. पडद्यावरच्या करड्या सावलीत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी भराभर उघडझाप करत होतं. देविदासने पडदा सिंधुकडे वळवला. तिने एकदा बघितलं, आणि मग तोंडावर पदर घेतला, आणि पदराआड ती जी रडायला लागली ती थांबेना. सरजाबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. "रडू नगं. आमच्या लक्ष्म्यांचं लई कडक असतं बाई, कुणी जरासुदीक शिवाशिव होऊ देत न्हाई. म्हणून पावल्या." महानंदा एकदम ट्रे धुवायला निघून गेली. मी भिंतीवरची पाटी वाचत उभी राहिले.

कार्डावर देविदासने दिवस मशीनवरून लिहिले, तसेच लिहायचे असतात. सरजाबाईंनी सुदर्शनकडून ते वाचून घेतलं आणि आपल्या हिशेबापेक्षा तीन आठवडे मागे का, असं विचारायला परत आल्या. मशीन तसंच सांगतंय, असं देविदास म्हणाला. "या डॉक्टराला मोजताबी येत न्हाई," असं मुलाला सांगत त्या गेल्या, पण चेहरा हसरा होता, आणि जाताना महानंदाच्या हातावर पेढा ठेवून गेल्या.

मग चहा आला. मी त्याला सरळ विचारलं, "तुला लक्ष्म्यांचं सुचलं कसं?" तो काय की म्हणेल असं वाटलं होतं. तो उठला, टेबलामागची त्याची बॅग उघडली आणि आतल्या कप्प्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. तेरा वर्षांपूर्वीचा, लातूरच्या एका सोनोग्राफीचा. पेशंटचं नाव गीतांजली देविदास टेकाळे.

"सुकन्या चार वर्षांची व्हती," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा दिवस गेले. लातूरला दाखवलं. माझी आई सोबत व्हती. तारीख त्यांनी हिला विचारली, पण सांगितली मी. मीच मोजली, डॉक्टर म्हणून. साडेआठ आठवडे. ठोके न्हाईत म्हणाले. मी म्हणलं, साफ करून घ्या."

मी कागद जवळ ओढला.

"दोन वर्षं झाली. सुकन्याला होस्टेलला सोडून परत येत व्हतो. त्या दवाखान्याच्या रस्त्यानं आलो. तवा गीतांजलीनं सांगितलं. लक्ष्म्यांत आली व्हती. आईचा हात प्लॅस्टरमधी व्हता, करायला दुसरं कोणी नव्हतं. आईसमोर कसं सांगू, म्हणली. आन् तारखेनं इतका फरक पडतो हे तिला ठाऊकच नव्हतं. ते सांगायचं माझं काम व्हतं न मॅडम. त्याच्यानंतर परत कधी बोलली न्हाई, मीबी काल रातीपर्यंत काढलं न्हाई." त्याने चहाचा कप बाजूला सारला. "मला तवा हे मशीन वाचता येत नव्हतं. आतापण धड येत न्हाई. तुम्ही बघा. ते राहिलं असतं का?"

चित्राचा कागद जुना होऊन तपकिरी पडला होता, त्यात काही उरलं नव्हतं. पण खाली टाइप केलेलं शाबूत होतं. पिशवी अकरा मिलिमीटर, कडा स्पष्ट, आत गोल कडं दिसतं, गर्भ दिसत नाही. गीतांजलीची खरी तारीख धरली तर साडेपाच आठवडे. एखाद्या विद्यार्थ्याने हा कागद आणला असता तर मी एका दमात सांगितलं असतं की त्या दिवसापर्यंत सगळं ठीक होतं. देविदास माझ्या तोंडाकडे बघत होता. आपल्याला काही कळत नाही आणि मॅडमला कळतं, असं बावीस वर्षं मानत आलेला माणूस.

"सांगता येत नाही, देविदास," मी म्हणाले.

एका चित्रावरून कुणालाच सांगता येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत चांगले दिसणारेही आपोआप जातात. हे पुस्तकात आहे आणि खरं आहे. पण मी ते खरं आहे म्हणून बोलले की त्याच्या तोंडाकडे बघून बोलले, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याने कागदाची घडी केली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी हातातच धरून बसला. "मॅडम," तो म्हणाला, "मी तुम्हाला हे दाखवणार हाय, हे गीतांजलीला ठाऊक हाय. घरी गेल्यावर विचारल. तिला काय सांगू?"

बाहेरून महानंदाने पुढच्या बाईचं नाव पुकारलं. तो तरीही उत्तराची वाट बघत बसला होता.